सासूबाईंचा आऊट

चष्मेवालीला शिव्यांचं कधी वाईट वाटलं नाही. रविवारी मैदानाच्या जाळीमागून जे आईबाप "पंच, चष्मा लावा!" म्हणून घसा फोडायचे, तेच सोमवारी दुकानात येऊन यंत्रावर हनुवटी टेकवायचे आणि तिसऱ्या ओळीतच अडखळायचे. ती नंबर लिहून घ्यायची आणि मनातल्या मनात म्हणायची, काल हाच गृहस्थ मला अक्कल शिकवत होता. असलं समाधान फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

दुकान तिचं नव्हतं. मालक गिऱ्हाइकांशी हवापाण्याच्या गप्पा मारायचा आणि काम ती करायची, ही त्या दुकानाची चौदा वर्षांची घडी होती. भिंगाची कड घासून फ्रेममध्ये बसवायची, मोहरीएवढे स्क्रू चिमट्यानं धरून पिळायचे, नाकावरच्या पट्ट्या ज्याच्या त्याच्या नाकाप्रमाणे वाकवायच्या. नंबर काढायचं कामही तिच्याकडेच होतं, आणि त्यात तिची एक पद्धत होती. 'तुम्हाला दिसत नाही' हे वाक्य तिनं चौदा वर्षांत कुणाला ऐकवलं नव्हतं. आपल्याला कमी दिसतं हे दुसऱ्यानं सांगितलेलं माणसाला खपत नाही. तो लगेच दिव्याला दोष देतो, अक्षरांना देतो, रात्री झोप नीट झाली नाही म्हणतो. ती नुसती भिंग बदलायची आणि विचारायची, "हे बरं, की आधीचं बरं होतं?" चार-पाच भिंगं झाली की गिऱ्हाईकच म्हणायचं, "अरेच्चा, मला कमी दिसतंय की!" जसा काही शोध त्यानंच लावला.

ती बेसबॉलमध्ये आली ती सासूबाईंमुळे. तिच्या आयुष्यात बऱ्याच गोष्टी सासूबाईंमुळे आल्या होत्या, त्यातली ही बरी.

सासूबाईंनी एकतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवली. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. घरातही तो आपल्याच पायाखाली आहे असं सासूबाई धरून चालायच्या. जेवताना मुलगा काही मत मांडायला लागला की टेबलाखाली त्यांचा पाय नकळत दाबला जायचा आणि मुलगा खरोखर थांबायचा. आवाज असा की बंद काचेतून समोरच्या सायकलवाल्यानं दचकावं. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. 'माझं चुकलं' हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. चूक नेहमी रस्त्याची असायची.

पंच मुळात सासरे. शांत माणूस. ते मैदानात उभे राहायचे आणि सासूबाई जाळीमागे खुर्ची टाकून त्यांचे निर्णय तपासायच्या. सासरे गेले, आणि सासूबाई तीन महिने जेवणाच्या टेबलाशी बंद रेडिओसमोर बसून राहिल्या. काही विचारलं की म्हणायच्या, "मला काय झालंय?" मग एका रविवारी पंच कमी पडला आणि मुलांच्या बेसबॉल लीगच्या सचिवानं भीतभीत फोन केला. सासूबाई उठल्या, सासऱ्यांची छातीची ढाल, पायाची पॅडं, मास्क, सगळं बाहेर काढलं, पट्टे आवळले आणि गेल्या. संध्याकाळी परत आल्या त्या भूक भूक करत. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी ताटात दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ते बघून सुनेनं त्या मास्कला मनातल्या मनात हात जोडले.

मुलांच्या सामन्याला पंच दोन असतात. एक कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्या पोराच्या पाठीमागे, मास्क लावून. टाकलेला चेंडू स्ट्राइक, म्हणजे बॅटरनं मारायला हवा होता पण हुकवला असा, की नाही, हे तो ठरवतो. दुसरा बेसजवळ, म्हणजे बॅटर पळत जाऊन जिथे पाय टेकवतो त्या गादीजवळ. पळणारा आधी पोचला की चेंडू आधी पोचला, म्हणजे सेफ की आऊट, ते तो सांगतो. आणि दोघांमध्ये एक नियम असतो, फार कडक: जोडीदारानं दिलेल्या निर्णयात दुसऱ्यानं तोंड घालायचं नाही. त्यानं स्वतः येऊन विचारलं तरच बोलायचं. हा नियम नसता तर पंचांचीच मारामारी बघायला लोक आले असते.

सासूबाईंच्या जोडीला आधी एक बेकरीवाला होता. त्यानं एकदा हा नियम मोडला. भर मैदानात, सगळ्यांच्या देखत, बेसवरून हात हलवत ओरडला, "नाही नाही! बाई चुकल्या!" तो बरोबर होता की नव्हता, हा प्रश्नच उरला नाही. सासूबाईंनी घरी येऊन मास्क कपाटावर टाकला आणि परत तेच टेबल, तोच बंद रेडिओ. चार आठवडे. पाचव्या आठवड्यात सचिव येऊन विनवून गेला तेव्हा निघाल्या, पण दारात थांबून सांगून निघाल्या, "यापुढे मैदानावर मला कुणी खोटं पाडलं तर मास्क उतरवीन तो कायमचा. मग कुणी विनवायला यायचं नाही." सासूबाई बोलल्या म्हणजे करणार, यावर घरात दुमत नव्हतं.

आता जोडीला उभं राहणार कोण? मुलाला विचारलं. तो म्हणाला, "मला लहान मुलं आहेत."

"ती माझीसुद्धा आहेत," चष्मेवाली म्हणाली.

"मग तू जा. दोघांपैकी एकजण तरी उरायला हवं."

अशी ती पंच झाली. नियमांचं पुस्तक तिनं दुकानात, गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, काउंटरखाली उघडं ठेवून वाचून काढलं. एकदा नाही, सात वेळा. लीगच्या परीक्षेत तिचा एकच प्रश्न चुकला, आणि तोही छपाईचा दोष होता हे तिनं नंतर सचिवाला सिद्ध करून दाखवलं. चेंडू दिसणं-न दिसणं माणसाच्या हातात नसतं, पण नियम माहीत असणं असतं, असं तिचं मत होतं. त्यामुळे मैदानात पाय ठेवला की तिची मान आपोआप ताठ व्हायची. घरात तिला इतकं ताठ कुणी पाहिलं नव्हतं.

दोन वर्षं सासू-सुनेची जोडी चालली, आणि चांगली चालली. तमाशा बघायला म्हणून आलेले लोक हिरमुसून परत जायचे.

त्या रविवारी दोन सामने होते. सकाळी छोटा गट, म्हणजे कमरेएवढी पोरं, आणि दुपारी मोठा गट, बारा-तेरा वर्षांची. या दोन गटांत एका नियमाचा फरक आहे. तिसरा स्ट्राइक झाला की बॅटर बाद, एवढं तर सगळ्यांनाच कळतं. पण मोठ्या गटात, तो चेंडू कॅचरच्या हातून सुटला, आणि पहिला बेस रिकामा असला किंवा दोनजण आधीच आऊट झालेले असले, तर बॅटर लगेच बाद होत नाही. त्याला पहिल्या बेसकडे पळता येतं. चेंडूच्या आधी पोचला तर वाचला. छोट्या गटात ही सवलत नाही, कारण तिथे कॅचरच्या हातून दर दुसरा चेंडू सुटतो. पळापळ करता करता अंधार पडेल.

सकाळच्या सामन्यात सासूबाईंनी असे चौदा तिसरे स्ट्राइक दिले. चौदाही वेळा हात उगारून "आऊट!" आणि पोरगं मान खाली घालून बाकाकडे. अंगात ते भिनलं होतं.

दुपारच्या सामन्याआधी दोघी रीतीप्रमाणे बाजूला उभ्या राहिल्या. पंचांनी सामन्याआधी पाच मिनिटं बोलून कुणी काय बघायचं ते ठरवून घ्यायचं असतं. सासूबाई ते अर्ध्या मिनिटात उरकायच्या.

"तू बेस, मी मागे. झालं?"

"आणि आई, मला काही सांगावंसं वाटलं तर मी टोपी काढून छातीशी धरीन. तुम्हाला वाटलं तर विचारा."

"दर वेळी हेच सांगतेस. दोन वर्षांत वाटलं का मला कधी?"

आणखी एक वाक्य चष्मेवालीच्या ओठांवर होतं. 'आई, आता मोठा गट आहे हं, सुटलेल्या तिसऱ्या चेंडूवर पळता येतं.' पण सासूबाई तोवर मास्क चढवून निघाल्या होत्या. एकतीस वर्षं दुसऱ्याला शिकवलेल्या बाईला हे काय शिकवायचं, असं म्हणून तिनं ते गिळलं. तिथे ती चुकली.

सामना अटीतटीचा झाला. शेवटचा डाव. फलंदाजी करणारा संघ एका धावेनं मागे, दोन आऊट झालेले, तिसरा झाला की खेळ खलास, बेसवर कुणी नाही. त्यांचा कोच प्लंबर होता, आणि त्यानं टोपी चावायची तेवढी बाकी होती. समोरच्या संघाचा कोच दातांचा डॉक्टर. तो हाताची घडी घालून आधीच जिंकल्यासारखा उभा.

बॅटर पोरगा हडकुळा, हेल्मेट डोळ्यांवर येणारं. दोन स्ट्राइक झाले. तिसरा चेंडू खाली आला, पोरानं जीव खाऊन बॅट फिरवली, हवेत. चेंडू जमिनीवर आपटला, कॅचरच्या हाताखालून निसटला आणि थेट मागच्या जाळीपर्यंत गेला.

"पळ!" प्लंबर किंचाळला.

पोरगा सुटला. कॅचर जाळीपाशी धावला, चेंडू उचलला आणि पहिल्या बेसकडे फेकला. चष्मेवाली तिथेच उभी होती. पोराचा पाय बेसवर पडल्याचं तिनं बघितलं आणि चेंडू ग्लोव्हमध्ये पडल्याचं त्यानंतर ऐकलं. तिनं दोन्ही हात आडवे पसरले. सेफ.

त्याच क्षणी तिकडून सासूबाईंचा आवाज आला, सायकलवाल्याला दचकवणारा. "तिसरा स्ट्राइक! आऊट! सामना संपला!"

एका पंचाचे हात आडवे, दुसऱ्याची मूठ वर. मग डॉक्टरची पोरं आरडाओरडा करत एकमेकांच्या अंगावर पडली, जाळीमागून शिट्ट्या आणि शिव्या एकदमच सुरू झाल्या, हडकुळा पोरगा बेसवर उभा राहून कधी इकडे बघतोय, कधी तिकडे. सासूबाईंनी मास्क काढून काखेत मारला आणि त्या गेटाकडे निघाल्या. सामना संपला की त्या कुणासाठी थांबत नसत.

पंचांनी गेटाबाहेर पाऊल टाकलं की निकाल पक्का. मग कुणी कितीही पुस्तकं नाचवली तरी उपयोग नाही. गेट तिथून चाळीस पावलांवर होतं.

चष्मेवालीनं टोपी काढून छातीशी धरली. सासूबाईंनी ती बघितली. बघितली हे चष्मेवालीला पक्कं कळलं, कारण त्यांची चाल वाढली.

आता ओरडली असती तर काम झालं असतं. पोरांना न्याय मिळाला असता, आणि सासूबाई घरी जाऊन रेडिओसमोर बसल्या असत्या, या वेळी कायमच्या. गप्प बसली असती तर सासूबाईंचा मास्क वाचला असता आणि प्लंबरची बारा पोरं फुकट घरी गेली असती. दोन्ही तिला नको होतं. आणि गंमत अशी की तिला भीती वाटली नाही. आपल्याला काय करायचं ते तिला नंबर काढण्याइतकं स्पष्ट दिसत होतं. प्लंबर तोंड उघडून धावत येत होता. त्याला तिनं तळहात दाखवला. "दोन मिनिटं. एक अक्षर बोललात तर सगळं बिघडेल." तो तिथल्या तिथे थांबला. मग ती पळाली नाही, पण भराभर चालत गेली आणि सासूबाईंच्या आधी गेटाला पाठ लावून उभी राहिली.

"आई, मला विचारा," ती हळू आवाजात म्हणाली.

"काय विचारू?"

"काहीही. तुम्ही विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही."

"मग नको बोलूस. बाजूला हो."

"टोपी काढलीय मी."

"दिसतेय. डोळे शाबूत आहेत माझे."

"डोळ्यांबद्दल माझं काही म्हणणंच नाही. चेंडू तुम्ही बरोबर बघितलात. स्ट्राइकच होता."

सासूबाई थबकल्या. भांडायला तयार झालेल्या माणसाला 'तुमचं बरोबर आहे' म्हटलं की त्याचा पाय अडखळतोच.

"मग काय?"

"हा प्रश्न झाला, आई. आता मी बोलू शकते."

सासूबाईंनी डोळे बारीक केले. पण विचारून बसल्या होत्या, इलाज नव्हता.

"कॅचरनं झेलला?" चष्मेवालीनं विचारलं.

"नाही. जाळीला लागला."

"आऊट किती झाले होते?"

"दोन. मला मोजता येतं."

"पहिल्या बेसवर कुणी होतं?"

"कुणीही नव्हतं."

"आणि हा सामना कुठल्या गटाचा?"

सासूबाईंनी वळून मैदानाकडे बघितलं. पहिल्या बेसवर तो पोरगा अजून उभा होता, एक पाय बेसवर घट्ट रोवून. कुणी ढकलून दिलं तरी हलणार नाही असा. कमरेएवढा नव्हता. त्यांच्या खांद्याला लागला असता.

"सकाळचा नियम लावला मी," सासूबाई म्हणाल्या. एवढ्या हळू की चष्मेवालीला ओठ बघून कळलं.

असल्या वेळी आपण बोललो की गिऱ्हाईक परत दिव्याला दोष द्यायला लागतं, हे तिला माहीत होतं.

सासूबाईंचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी काखेतला मास्क हातात घेतला आणि तिच्यापुढे धरला. "तू सांग जाऊन. तू सेफ दिलं होतंस. तुझं खरं झालं."

तो मास्क घेतला तर परत कधी जागेवर जायचा नाही, हे चष्मेवालीला स्पष्ट कळलं. तिनं दोन्ही हात टोपीवरून हलवले नाहीत.

"मी सांगितलं तर मी तुम्हाला खोटं पाडल्यासारखं होईल. तुम्ही सांगितलंत तर पंचांनी निकाल दुरुस्त केला, एवढंच होईल. निर्णय तुमचा होता. तो फिरवायचा अधिकारही तुमचाच. पुस्तकात आहे."

"पुस्तक, पुस्तक."

"आणि सामन्याआधी मी आठवण करायला हवी होती. तोंडावर आलं होतं, गिळलं."

"ते घरी बघू," सासूबाई म्हणाल्या. 'घरी बघू' ऐकून चष्मेवालीला इतकं हायसं वाटलं, की सून म्हणून आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं असेल.

सासूबाई मैदानाच्या मध्यापर्यंत चालत गेल्या. दोन्ही कोचना हातानं बोलावलं. मग कोचना सांगायचं ते त्यांनी जाळीमागच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात सांगितलं.

"तिसरा स्ट्राइक होता, पण चेंडू सुटला होता. दोन आऊट असताना बॅटरला पळता येतं. तो चेंडूच्या आधी पोचला. मी त्याला आऊट दिलं, ते माझं चुकलं. सकाळचा नियम दुपारी लावला. बॅटर पहिल्या बेसवर सेफ. दोन आऊट. सामना पुढे चालू."

'माझं चुकलं' हे शब्द जाळीमागे बसलेल्या त्यांच्या मुलानंही ऐकले. चष्मेवाली अजून सांगते की नवऱ्याच्या हातातला चहा कलंडला.

दातांच्या डॉक्टरच्या अंगाचा तिळपापड झाला. जिंकलेला सामना तोंडातून काढून घेतला होता. तो म्हणाला, "वा! म्हणजे सुनेनं कानात सांगितलं आणि सासूनं ऐकलं! हे मैदान आहे की घर?"

"घरी हे कधीच झालं नसतं, डॉक्टर," सासूबाई म्हणाल्या. "हे मैदानच आहे."

जाळीमागे हशा पिकला. प्लंबर हसला, डॉक्टरची पोरंही हसली, आणि डॉक्टर पाय आपटत बाकाकडे गेला. पुस्तकात बघायला मागितलं असतं तर चष्मेवालीनं पान क्रमांकासकट सांगितलं असतं, पण त्यानं मागितलं नाही. सासूबाईंनी मास्क चढवला. पट्टा डोक्यामागे नीट बसेना, तो दोन वेळा ओढून बसवला. मग हात पुढे केला, "खेळा!"

पुढचं सांगायलाच हवं म्हणून सांगतो. पुढच्या बॅटरनं पहिल्याच चेंडूला उंच टोला मारला आणि तो सरळ एका पोराच्या ग्लोव्हमध्ये जाऊन पडला. तिसरा आऊट, सामना संपला, डॉक्टरचा संघ जिंकला तो जिंकलाच. जाळीमागे एकजण म्हणाला, "एवढा खटाटोप फुकट गेला." पण प्लंबरची पोरं हात मिळवायला गेली तेव्हा ताठ मानेनं गेली. हडकुळा पोरगा सासूबाईंपाशी थांबला आणि म्हणाला, "थँक्यू, पंचआजी." सासूबाईंनी नुसती मान हलवली.

गाडी कुंपणाच्या बाहेर उभी होती. मागचं झाकण उघडून सासूबाई अंगावरचं सामान उतरवायला बसल्या. आधी पायाची पॅडं, मग ढाल, एकेक करून पिशवीत. मास्क मांडीवर ठेवून त्या त्याच्या जाळीतली माती बोटानं काढत राहिल्या. चष्मेवाली बाजूला उभी होती. एवढा वेळ टिकलेला धीर आता तिला सोडून जायला लागला होता. मास्क एकदा त्या पिशवीत गेला आणि चेन ओढली गेली की संपलं, असं तिला वाटत होतं.

"याआधी कधी चुकले होते का गं मी?" सासूबाईंनी मान वर न करता विचारलं. "डोळ्यांचं नाही विचारत. नियमात."

हा प्रश्न येणार, हे तिला गेटापाशीच कळलं होतं. आणि खोटं बोलायचं नाही, हेही तिनं तिथेच ठरवलं होतं.

"एकदा. गेल्या वर्षी. निळ्या संघाच्या मुलीला चेंडू बोटांवर लागला होता, आठवतंय? तिनं बॅट फिरवलीच नव्हती. चेंडू बॅटला लागला असं धरून तुम्ही फाउल दिलात. म्हणालात, हात बॅटवर होता म्हणजे हात बॅटचाच भाग."

"मग, नाही?"

"नाही, आई. हात तिचाच भाग. तिला पहिला बेस मिळायला हवा होता."

मातीत फिरणारं सासूबाईंचं बोट थांबलं.

"मी टोपी काढली नाही," चष्मेवाली म्हणाली. "पहिलंच वर्ष होतं. घाबरले तुम्हाला. ती तशाच सुजलेल्या बोटांनी पुढचा चेंडू खेळली आणि आऊट झाली. दोन दिवसांनी आईबरोबर दुकानात आली, चष्म्याचा स्क्रू सैल झाला म्हणून. बोटांना पट्टी होती. मला म्हणाली, 'काकू, चेंडू लागला तर बेस मिळतो ना?' आणि मी तिच्या चष्म्याचा स्क्रू पिळत म्हटलं, 'निर्णय पंचांचा असतो.'"

एवढं बोलून तिला रडू आलं. वर्षभर ते तसंच आत बसून होतं. डोळे टिपायला तिनं टोपीच तोंडाला लावली.

सासूबाईंनी तिला रडू दिलं. 'रडू नकोस'ही म्हणाल्या नाहीत, 'त्यात काय एवढं'ही म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "बेकरीवाला ओरडला होता तेव्हा तो बरोबर होता?"

"मी तिथे नव्हते, आई."

"होता. बरोबर होता तो." त्या उठल्या, गुडघे झाडले. "ती मुलगी खेळते अजून?"

"खेळते. आता पलीकडच्या मैदानावर त्यांचा सराव चालू असेल."

"चल मग."

"आत्ता?"

"सामना उलटवता येत नाही, ते मला कळतं. पण तिला सांगता येतं ना, की तुझं बरोबर होतं? मी बोलेन. तू मध्ये तोंड घालायचं नाहीस."

"विचारल्याशिवाय नाही," चष्मेवाली म्हणाली आणि तिनं गाडीचं झाकण बंद करायला हात वर केला. मास्क सासूबाईंच्या हातातच होता. "तो ठेवते ना मागे?"

"असू दे," सासूबाई म्हणाल्या आणि चालू लागल्या. "त्याच्याशिवाय ती मला ओळखणार कशी? पुढच्या रविवारीही याच मास्कच्या समोर यायचंय तिला."